एका ‘लेटर’ची अनेक घरे

दिवाळी तोंडावर आली की घरोघर झाडलोट निघते, आणि झाडलोट निघाली की माळ्यावरचे काहीतरी जुने हटकून हाती लागते. गेल्या दिवाळीपूर्वी आमच्या इंदूरच्या घरी माळ्यावरून पत्र्याची एक पेटी खाली आली. तीत जुनी पत्रे होती. तारेत ओवलेली पोस्टकार्डे, घड्यांवर विरलेली आंतर्देशीय पत्रे, कडेला हळदकुंकवाची बोटे उमटलेल्या लग्नपत्रिका, असा सारा संसार त्या पेटीत निजलेला होता. माझा नातू दहा वर्षांचा आहे. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी आणि घरात मराठी अशी तीन भाषांतून त्याची दिवसभर ये-जा चालते. त्याने एक निळे आंतर्देशीय पत्र उचलले, क्षणभर त्यावर नजर खिळवली आणि विचारले, “आजोबा, हे लेटर कुठलं?”

मी मान वर न करताच उत्तर दिले, “जळगावचं. तुझ्या पणजीचं आहे ते. तुझ्या बाबाच्या बारशाला तिला येता आलं नव्हतं, म्हणून तिनं लिहिलं होतं.”

“नाही हो आजोबा, ते लेटर नाही. हे, हे लेटर!”

मी पाहिले. त्याचे बोट पत्रावर नव्हते, पत्रातील एका अक्षरावर होते. ते अक्षर होते ‘ळ’. माझ्या आईने आरंभीच ठसठशीत लिहिले होते, ‘चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.’ शाळेतील हिंदीमुळे मुलाला देवनागरी येते. त्याने ‘बा’ वाचला, ‘स’ही वाचला, पण मधल्या अक्षरापाशी त्याची गाडी अडली. मानक हिंदीच्या वर्णमालेत ‘ळ’ नाही, त्यामुळे ते अक्षर त्याला कोणी दाखविलेच नव्हते.

“अरे, हा ‘ळ’. शाळा, कावळा, वेळ, बाळ... तू दिवसातून पन्नासदा म्हणतोस की.”

“हं! मग तो असा दिसतो होय!” तो म्हणाला.

वाचकहो, त्या एका उद्गाराने मी चमकलो. दहा वर्षे जो ध्वनी त्याच्या जिभेवर नांदत होता, त्याचे तोंड त्याने त्या दिवशी प्रथम पाहिले. आणि आम्हां दोघांचा जो घोटाळा झाला, तो त्या इंग्रजी शब्दाच्या मुळाशीच असलेला घोटाळा होता. अक्षर तेही ‘लेटर’ आणि पत्र तेही ‘लेटर’! म्हणून ह्या वेळी त्याच शब्दाच्या घरी आपण जाऊन येऊ. त्याची घरे अनेक आहेत, आणि शेवटचे घर बहुधा आपलेच निघेल.

ह्या शब्दाचे माहेर लॅटिन. तेथे ‘लिट्टेरा’ म्हणजे वर्णमालेतील एक अक्षर. ह्याच शब्दाचे अनेकवचन केले की रोमन लोक त्याचा अर्थ पत्र असा घेत, आणि तेच अनेकवचन पुढे विद्या व वाङ्मय ह्या अर्थीही चालू लागले. त्यामागची कल्पना साधी, पण मोठी गोड आहे. एक अक्षर म्हणजे नुसते अक्षर. पुष्कळ अक्षरे एकत्र येऊन कोणाकडे निघाली की ते पत्र. आणि पुष्कळ अक्षरे एकत्र येऊन सर्वांकडे निघाली की ते वाङ्मय!

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढची दोन-तीन शतके तेथील दरबारात व न्यायालयात फ्रेंच भाषेचा दबदबा राहिला. ‘लेटर’ हा शब्द इंग्रजीत आला तो ह्या फ्रेंच वाटेने, आणि येताना अक्षर व पत्र हे दोन्ही अर्थ पदराला बांधूनच आला. तत्पूर्वी इंग्रजीत अक्षराला ‘बोकस्टाफ’ असा स्वतःचा शब्द होता. त्याचे भावंड जर्मन भाषेत ‘बुखश्टाबे’ ह्या रूपाने आजही सुखाने नांदते, आणि पत्राला जर्मन माणूस ‘ब्रीफ’ असे निराळेच नाव देतो. इंग्रजीने मात्र आपला जुना शब्द टाकला आणि पाहुण्याच्या हाती सारा कारभार सोपविला.

कारभार एकदा हाती आला की पाहुणा हातपाय पसरणारच. राजाने एखाद्याला अधिकार, पदवी वा जमीन द्यावयाची झाली की तो जे पत्र देई, त्याला ‘लेटर्स पेटंट’ म्हणत. ‘पेटंट’ म्हणजे उघडे. हे पत्र घडी घालून मोहोरेने बंद केलेले नसे. ते कोणीही वाचावे, अशा रीतीने मोहोर त्याला खाली लटकविलेली असे. आपल्याकडील सनदेचाच हा विलायती भाऊ. मुंबईचे उच्च न्यायालय १८६२ साली स्थापन झाले ते अशाच ‘लेटर्स पेटंट’न्वये, आणि काही उच्च न्यायालयांत ‘लेटर्स पेटंट अपील’ ह्या नावाचे अपील आजही चालते. नव्या शोधाच्या हक्काला आपण नुसते ‘पेटंट’ म्हणतो, तेही ह्याच शब्दजोडीतून तुटून निघालेले पान आहे. पाहा, शब्दांच्या जगात कधी कधी नाम मागे पडते आणि विशेषण गादीवर बसते!

व्यापाऱ्याचे ‘लेटर ऑफ क्रेडिट’ निराळे. तेथे अक्षरांची किंमत पैशांत होते, आणि कागदावर भरवसा ठेवून परदेशी माल जहाजावर चढतो. कायद्याचे ‘लेटर’ आणखी निराळे. सरकारी परिपत्रकांतून आदेशाचे पालन ‘इन लेटर अँड स्पिरिट’ करावे, असे वारंवार बजावलेले असते. येथे ‘लेटर’ म्हणजे कायद्याचा शब्द आणि ‘स्पिरिट’ म्हणजे त्याचा हेतू. हेतू सोडून नुसता शब्द धरणारे कारकून आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. अर्ज ‘नियमानुसार’ परत येतो आणि नियम ज्याच्यासाठी केला तो माणूस उन्हात उभा राहतो.

जो कायदा पुस्तकात आहे पण व्यवहारात नाही, त्याला इंग्रज ‘डेड लेटर’ म्हणतो. टपालखात्यात ह्याच शब्दांचा अर्थ शब्दशः घेतला जाई. ज्या पत्राचा मालक सापडत नाही आणि धाडणाराही सापडत नाही, ते मेलेले पत्र. त्यासाठी ‘डेड लेटर ऑफिस’ नावाची स्वतंत्र कचेरीच असे. पुढे आपल्या टपालखात्याने ते अशुभ नाव बदलून ‘रिटर्न्ड लेटर ऑफिस’ असे केले. पत्र मेले असे म्हणण्यापेक्षा ते माहेरी परतले असे म्हणणे केव्हाही बरे.

छापखान्यात गेलात तर ‘लेटर’ म्हणजे शिशाचा खिळा. असे खिळे एकेक जुळवून पाने छापण्याच्या पद्धतीला ‘लेटरप्रेस’ म्हणत. जुळारी ज्या पेट्यांतून खिळे उचलीत, त्यांतील वरच्या पेटीत मोठी इंग्रजी अक्षरे आणि खालच्या पेटीत लहान अक्षरे असत. म्हणून मोठी अक्षरे ‘अपर केस’ची आणि लहान ‘लोअर केस’ची ठरली. जुळाऱ्यांचे हात थांबले, पेट्या गेल्या, पण संगणकावर टंकलेखन करणारी मुले आजही वरची पेटी आणि खालची पेटी असेच म्हणतात. आपल्या नागरीत हा भेद मुळातच नाही. राजाचा ‘र’ आणि रंकाचा ‘र’ आपल्याकडे सारख्याच उंचीचे!

युरोपातील जुन्या पंचांगांत सणांचे दिवस तांबड्या शाईने लिहीत, त्यावरून भाग्याच्या दिवसाला ‘रेड लेटर डे’ हे नाव पडले. आपल्या भिंतीवरील दिनदर्शिकेतही रविवार आणि सुट्ट्या तांबड्याच असतात, त्यामुळे हा अर्थ मुलांना समजावून सांगावा लागत नाही.

काही शब्द मात्र सोयरे दिसतात आणि सोयरे नसतात. घर भाड्याने देणे ह्या अर्थाचा ‘लेट’ हा शब्द निराळ्या कुळातला. त्यावरून भाड्याने देणारा तोही ‘लेटर’च होतो, स्पेलिंगही तेच, पण आपल्या ‘लेटर’शी त्याचे नाते काही नाही. आपल्या पारपत्राच्या पहिल्या पानांत भारताच्या राष्ट्रपतींच्या नावे जी विनंती छापलेली असते, तीत धारकाला ‘लेट’ आणि अडथळ्यावाचून जाऊ द्यावे असे म्हटले आहे. हा ‘लेट’ म्हणजेही अडथळाच! एक ‘लेट’ देऊ म्हणतो आणि दुसरा जाऊ नको म्हणतो. मराठीत ‘कर’ म्हणजे हात आणि ‘कर’ म्हणजे सरकारी पट्टी, तसाच काहीसा हा प्रकार.

आता वळू त्या अनेकवचनाकडे. ‘मॅन ऑफ लेटर्स’ म्हणजे साहित्यिक, विद्वान. विद्यापीठे ‘डी. लिट्.’ देतात, त्यातील ‘लिट्’ हे ह्याच ‘लिट्टेरा’चे लॅटिन शेपूट. १९५४ साली दिल्लीत स्थापन झालेली साहित्य अकादमी स्वतःला इंग्रजीत ‘नॅशनल अकॅडमी ऑफ लेटर्स’ म्हणविते. ह्या शब्दप्रयोगाची एक आठवण आहे. मी शाळेत इंग्रजी शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत ‘मॅन ऑफ लेटर्स’चा अर्थ हिंदीत एकाच शब्दात लिहिला होता, ‘डाकिया’! मी हसलो, शिक्षकांच्या खोलीत चार जणांना वाचून दाखविले आणि निर्दयपणे शून्य गुण दिला.

पुढे पुष्कळ वर्षांनी मला त्या शून्याचा पश्चात्ताप झाला. कारण दोन्ही अर्थांनी ‘मॅन ऑफ लेटर्स’ असलेला एक गृहस्थ आपल्यांतच होऊन गेला. पत्त्याच्या शेवटी आपण जो सहा आकडी पिन कोड लिहितो, त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर ह्यांनी केली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत सुरू झाली. वेलणकर टपाल व तार खात्यातील वरिष्ठ अधिकारी होते, आणि त्याच वेळी संस्कृतात काव्ये व नाटके लिहिणारे पंडितही होते. एका हाताने देशभरची पत्रे मार्गी लावावी आणि दुसऱ्या हाताने अमरवाणीची अक्षरे जुळवावी, असा हा दुहेरी अक्षरसेवक! त्यांच्या ह्या सहा आकड्यांत आम्हां इंदूरकरांना सुखविणारी एक गंमत आहे. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्राचा पिन चारने आरंभतो, आणि इंदूर, ग्वाल्हेर व गोवे ह्यांचाही चारनेच. वडोदऱ्याकडे तीन आला, बेळगाव व हैदराबादकडे पाच. म्हणजे कोणी त्याच घरात, तर कोणी शेजारच्या दारी. राज्यांच्या सीमा काही म्हणोत, टपालाच्या लेखी आपण फार दूरचे नाही.

‘मॅन ऑफ लेटर्स’चा विरुद्धार्थी शब्द ‘अनलेटर्ड’, म्हणजे निरक्षर. हे दोन शब्द एकाच आयुष्याच्या दोन टोकांना शोभावेत, असा पुरुष बृहन्महाराष्ट्राने पाहिला आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळ १८७५ साली दत्तक म्हणून बडोद्याच्या गादीवर आला. तेव्हा तो बारा वर्षांचा होता, आणि तोवर त्याला अक्षरओळख नव्हती असे चरित्रकार सांगतात. राजवाड्यात आल्यावर त्याच्यापुढे पाट्या आल्या, पंतोजी आले, आणि एक नव्हे तर अनेक भाषा आल्या. हाच मुलगा पुढे सयाजीराव महाराज झाला. त्यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सबंध संस्थानाला लागू केला. गावोगाव ग्रंथालये उघडली. १९३२ साली कोल्हापूरला मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा त्याचे अध्यक्षस्थान ह्याच सयाजीरावांनी भूषविले. बाराव्या वर्षी ‘अनलेटर्ड’ असलेला मुलगा सत्तरीच्या उंबरठ्यावर साहित्यिकांच्या मेळ्याचा अध्यक्ष होतो! अक्षर उशिरा भेटले म्हणून बिघडत नाही, भेटावे मात्र लागते. माझ्या नातवाला ‘ळ’ दहाव्या वर्षी भेटला तेव्हा मी मनाशी हाच दिलासा घेतला.

इंग्रजीने एका शब्दावर भागविले. आपण मराठी माणसे ह्या बाबतीत श्रीमंत आहोत. आपल्याकडे दोन स्वतंत्र शब्द आहेत आणि दोघांचीही कुळे थोर आहेत. ‘अक्षर’ म्हणजे जे क्षरत नाही, झिजत नाही, नाश पावत नाही ते. गीतेच्या आठव्या अध्यायाचे नाव ‘अक्षरब्रह्मयोग’ आहे, तेथे हा शब्द थेट परब्रह्मापर्यंत पोहोचला आहे. त्याच वेळी मुलीच्या सुंदर लिहिण्याला आपण ‘तिचं अक्षर मोत्यासारखं आहे’ असे म्हणतो. परब्रह्म आणि पाटीवरची बाराखडी ह्यांना एकच नाव देण्याचे धाडस आपल्या पूर्वजांनी केले.

‘पत्र’ म्हणजे मुळात झाडाचे पान. बेलपत्र, तुळशीपत्र, जेवणाची पत्रावळ ह्यांत ते पान अजून हिरवे आहे. पुढे भूर्जाच्या सालीवर आणि ताडाच्या पानावर लिहू लागले तेव्हा ‘पत्र’ लिहिण्याचे झाले. मग तांब्याच्या पत्र्यावर दाने कोरली, ते ताम्रपत्र. पाठोपाठ दानपत्र आले, मृत्युपत्र आले, मुखत्यारपत्र आले, वर्तमानपत्र आले. जन्मली की जन्मपत्रिका, शिकली की गुणपत्रिका, लग्न ठरले की लग्नपत्रिका, अशी माणसाची सारी वाटचाल पानापानानेच होते. आमची ती माळ्यावरची पेटी पत्र्याची होती, तो पत्राही ह्याच कुळातला. पत्रे पत्र्यात सुरक्षित राहिली, हे यथायोग्यच झाले म्हणायचे.

दोन शब्द असण्याचा लाभ असा की आपला नातवंडांशी घोटाळा होऊ नये. पण त्याचा एक तोटाही आहे, आणि तो मला त्या दिवशी प्रथम जाणवला. दोन शब्द वेगळे असल्यामुळे आपल्याला वाटू लागते की दोन वस्तूही वेगळ्या आहेत. अक्षर ही शाळेची बाब, पत्र ही घराची बाब. मुलाला मराठी अक्षर आले नाही तरी घरचे प्रेम कुठे जाते, असे आपण म्हणतो. मीच कितीदा म्हटले आहे! ‘बोलतो ना छान मराठी, मग पुरे झाले. शाळेत आधीच तीन भाषा आहेत, चौथीचे ओझे कशाला?’ आमच्या सुनेने एकदोनदा मराठी अंकलिपी आणली होती, ती मीच ‘पुढे बघू’ म्हणून कपाटावर ठेवली. तीस वर्षे भाषा शिकविलेल्या माणसाच्या घरी हे घडले, आणि ते दुसऱ्या कोणी नव्हे, मी घडविले.

पणजीचा आशीर्वाद त्या मुलाच्या हातात होता. भाषा त्याची होती, घर त्याचे होते, ‘बाळ’ म्हणजे त्याचाच बाप होता. आणि तरी एका अक्षरासाठी तो आशीर्वाद त्याच्यापर्यंत पोहोचेना. इंग्रज लोक शब्दांच्या बाबतीत आळशी असतील, पण येथे त्यांचा आळस आपल्या शहाणपणाहून शहाणा ठरला. अक्षर आणि पत्र ही एकच वस्तू आहे. एक गेले की दुसरे गेलेच.

कोणी म्हणेल, आता पत्रे लिहितो कोण? टपालाच्या पेटीत बँकेचे कागद आणि विम्याच्या नोटिसा तेवढ्या येतात. चार शब्द कळवायचे तर खिशात भ्रमणध्वनी आहेच. खरे आहे. पण त्या यंत्रावर आपली तरुण मंडळी मराठी लिहितात ती बहुधा रोमन लिपीत. बी, ए, एल अशी तीन रोमन अक्षरे लिहिली, तर ती वाचायची कशी? बाळ, बाल, बळ की बल? चौघेही तेथे एकाच पांघरुणाखाली झोपतात. बोलणाऱ्याला कळते, कारण त्याच्या कानांत ‘ळ’ आहे. ज्याच्या कानांतून तो जाईल, त्याला कोण सांगणार? ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत जो ‘ळ’ आहे, तो आपण इतकी शतके जिभेवर जपला. आमच्या पिढीच्या आळसाने तो आमच्या घरी संपावा, ही कल्पना मला सोसेना.

आणि हे प्रथमच घडते आहे असेही नाही. त्या पेटीच्या तळाशी माझ्या पणजोबांच्या हातची चार-पाच पत्रे निघाली, ती मोडीत आहेत. मला मोडी वाचता येत नाही. लेखणी न उचलता धावत गेलेल्या त्या ओळींतून एखादा ‘श्री’ आणि एखादे नाव मला ओळखू येते, बाकी सारे नक्षीकाम. त्यांत काय आहे? जमिनीचा तंटा आहे, मुलीच्या लग्नाची काळजी आहे, की कोणा बाळाला आशीर्वाद आहे? घरातली पत्रे, घरातल्याच माणसाची भाषा, आणि घरच्याच मुलाला ती बंद. मी माझ्या पणजोबांच्या पत्रापुढे जसा उभा राहिलो, तसाच माझा नातू त्याच्या पणजीच्या पत्रापुढे उभा होता. फरक इतकाच की त्याचे एकच अक्षर अडले होते, माझी सारीच.

‘लिट्टेरा’च्या कुळातील एक शब्द मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. इंग्रजीत समूळ पुसून टाकण्याला ‘ऑब्लिटरेट’ म्हणतात. शहर उद्ध्वस्त झाले, वंश नामशेष झाला, की हा शब्द वापरतात. त्याच्या पोटात तेच ‘लिट्टेरा’ आहे, आणि त्याचा मूळ अर्थ अक्षरांवर बोळा फिरविणे एवढाच. अक्षरे पुसणे म्हणजेच सर्वनाश, ही त्या शब्दाची शिकवण. त्यासाठी शत्रू लागत नाही. ‘पुढे बघू’ एवढे म्हटले तरी पुरते.

असो. त्या संध्याकाळी मी कपाटावरची अंकलिपी खाली काढली आणि तिच्यावरची धूळ स्वतः पुसली. नातवाला नवे शिकण्यासारखे फारसे नव्हतेच. देवनागरी त्याला येत होती, मराठी त्याला येत होती, दोघींची गाठ तेवढी घालून द्यायची होती. ‘ळ’ आला. ‘चमचा’तला ‘च’ आणि ‘चाक’ातला ‘च’ लिहायला एक पण म्हणायला दोन, हे कळले. आठपंधरा दिवसांत तो आईची पत्रे अडखळत का होईना वाचू लागला. मग मी त्याला एक पोस्टकार्ड दिले. माझी थोरली बहीण चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, ती जळगावलाच असते. तिला त्याने पाच ओळी लिहिल्या. ‘ती. आत्याआजीस सा. न. वि. वि.’ ह्या मायन्याचा अर्थ काय म्हणून त्याने मला विचारले, आणि ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हे कळल्यावर ‘एवढं सगळं चार लेटरमध्ये?’ असे म्हणून तो थक्क झाला. कार्डात ‘वेळ’चा ‘वेल’ झाला होता, पण मी दुरुस्त केले नाही. ते त्याचे पत्र होते.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. बहिणीचा हात आता कापतो, ओळी वरखाली गेल्या होत्या. पत्ता नातवाच्या नावे होता. त्याने ते पेटीपाशी बसून मोठ्याने वाचले. आरंभ होता, ‘चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.’ ह्या खेपेस तो कोठेही अडला नाही. पुढे तिने लिहिले होते की, कार्ड पाहताच हे आपल्या घरचे अक्षर आहे, हे तिने ओळखले.

वाचकांना एकच विनंती आहे. आपल्या घरी जे मूल मराठी बोलते पण लिहीत नाही, त्याच्या हातून महिन्याला एक पोस्टकार्ड महाराष्ट्रातल्या एखाद्या मावशीला, काकाला, आजीला धाडवावे. पाच ओळी पुरेत. चुका राहिल्या तरी चालतील. मोडी शिकलेले कोणी आसपास असतील, तर माझी ती चार-पाच पत्रे त्यांच्यापुढे ठेवावी असाही विचार आहे. पणजोबांना उत्तर देणे आता शक्य नाही, पण त्यांनी काय लिहिले होते तेवढे तरी ऐकावे.